दीड मात्रेची ठेच

जॅझ गिटार वाजवणाऱ्याला मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्यावर प्रभाव कोणाचा? मग तो डोळे अर्धे मिटून चार-पाच परदेशी नावं घेतो. त्यातली दोन हयात नसावी लागतात आणि एक तरी विचारणाऱ्यानं कधीच ऐकलेलं नसावं लागतं. विचारणारा "वा, वा" म्हणतो आणि दोघंही समाधानानं घरी जातात.

मला हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. मला विचारतात, "तुम्ही गाता का?"

मी शुभदा. पुण्यात जॅझ गिटार वाजवून पोट भरलं. हे वाक्य ऐकलं की समोरचा आधी माझ्या साडीकडे बघतो, मग बोटांकडे आणि मग, "हो का? छान!" म्हणून विषय पावसापाण्यावर नेतो. हल्ली बोटांच्या सांध्यांनी असहकार पुकारलाय, त्यामुळे कार्यक्रम बंद. शिकवणं तेवढं चालू आहे. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "अनुभव लिहा, पण हलकंफुलकं हं!" लिहिते की. फक्त माझी एक जुनी दुखरी जागा आहे, ती आधीच दाखवून ठेवते. माझी एक शिष्या आहे, इरा. परदेशात आज तिचं मोठं नाव झालंय. प्रत्येक मुलाखतीत तिला प्रभावाचा प्रश्न येतो आणि ती प्रत्येक मुलाखत मी "मला काय करायचंय" म्हणत शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्यात माझं नाव नसतं.

तर आधी जॅझ म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर वाचक राशिभविष्याच्या पानावर पळतील. एक चाल असते. सगळे मिळून ती एकदा वाजवतात. मग त्या चालीखालचा सुरांचा सांगाडा तसाच गोल फिरत राहतो, आणि त्यावर एकेक जण आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. बाकीचे संगत करतात. शेवटी पुन्हा सगळे मूळ चालीवर येतात. बाहेर कितीही उंडारा, पण मात्रा मोजून दिवेलागणीला घरी यायचं. मात्रा चुकली की ड्रम वाजवणारा तुमच्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं माझ्या सासूबाईंनीसुद्धा मला कधी पाहिलं नाही. आणि सासूबाई काही साध्या नव्हत्या.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं खडकीला. वडील तिथे नोकरीला, आम्ही क्वार्टरमध्ये. क्वार्टरच्या भिंती अशा, की पलीकडे कोणी शिंकलं तर आई इकडून "सत्य आहे" म्हणायची. पलीकडे डिमेलो सर राहायचे. दिवसभर लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी व्हरांड्यात गिटार घेऊन बसायचे. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "सर, मला शिकवाल?"

"तुझी आई मला मारेल," सर म्हणाले.

आईनं मारलं नाही. तिनं फक्त सदाशिव पेठेतल्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, की शुभदा सतार शिकते. मावशीनं एकदा हळदीकुंकवाला मला वाजवायला बसवलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, "छान आहे हो सतार. पण हिला भोपळा कधी बसवणार?"

सरांवर मात्र चार-पाच जणांचा वगैरे प्रभाव नव्हता. त्यांच्यावर एका कॅसेटचा प्रभाव होता. त्यांचा भाऊ जहाजावर नोकरीला. त्यानं कुठल्याशा बंदरातून एका अमेरिकन गिटारवाल्याची कॅसेट आणली, ती स्वतः पुष्कळ ऐकली आणि मग सरांना दिली. त्यातलीही एकच बाजू कामाची, कारण दुसऱ्या बाजूवर भावानं आपल्या मुलीचं बारसं भरलं होतं. सरांनी ती एक बाजू आयुष्यभर पुरवली.

शिकवायची पद्धत अशी. कॅसेट थोडी वाजवायची, थांबवायची आणि जे ऐकलं ते तोंडानं म्हणायचं. हुबेहूब म्हणता आलं की मगच गिटारला हात. "तोंडात नाय ते बोटात कुठून येणार?" असं सर म्हणायचे. कागदबिगद काही नाही. आमच्याकडच्या गवयांची पद्धत यापेक्षा वेगळी नसते, पण हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असेल. त्यांनी पण कुठून तरी कॅसेट आणली असेल."

त्या कॅसेटवरच्या दुसऱ्या चालीत एक जागा होती. अमेरिकन एकटा वाजवत असतो, सुरांचं वाक्य छान वर वर चढत जातं, आणि एकदम पायरी चुकल्यासारखं तो पुढच्याच वाक्यात जाऊन पडतो. मधली दीड मात्रा गायब. कॅसेटवर त्याच्याबरोबर सगळा बँडच उडी मारतो. पण आमचा ड्रमवाला कशाला उडी मारेल? तो बिचारा मोजत बसलेला. म्हणजे ती जागा जशीच्या तशी वाजवली, की आपण पुढे आणि बाकीचे मागे. यावर सरांनी स्वतःचा उपाय काढला होता. पुढच्या वाक्यात लवकर पडायचं ते पडायचंच, पण त्याच्या शेवटी एक सूर धरून लोंबकळत राहायचं, चोरलेली दीड मात्रा फिटेपर्यंत. मग अलगद सगळ्यांबरोबर पाय टेकायचा. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, गेली बाई, पडली! आणि मग कळतं, पडली नाही.

"बघ काय धाडस आहे त्या माणसाचं!" सर दर वेळी म्हणायचे. ती जागा तोंडानं म्हणताना श्वास अर्धा गिळावा लागतो. मी इतकी वर्षं तो गिळत आलेय, की आज ती चाल नुसती ऐकली तरी माझा श्वास तिथे आपोआप अडकतो.

पुढे सर गोव्याला गेले, आणि तिथेच गेले. खडकीहून निघताना कॅसेट मला देऊन गेले. बारशासकट.

पुण्यात जॅझ वाजवणाऱ्याला गिऱ्हाइकं कशी भेटतात ते आता ऐका. हिंजवडीच्या एका कंपनीच्या समारंभात आम्हा तिघांना बोलावलं होतं: मी, ड्रमवाला आणि बेसवाला. तिथली एक गोड मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅम, असं वाजवाल का, की ऐकू येईल, पण कोणाचं लक्ष नाही जाणार?" मी म्हटलं, "बाळा, बरेच जण तसंच ऐकतात. वेगळं काही करावं लागत नाही." पण त्या संध्याकाळी दुसरी चाल आली, सरांची जागा आली, आणि सगळ्या हॉलनं एकाच वेळी बशीतून डोकं वर काढलं. मुलगी माझ्याकडे रागानं बघत होती. मी छताकडे बघत होते.

मांजरी गावातलं रिसेप्शन तर मी विसरूच शकत नाही. नवरीचे काका, त्यांना सगळे तात्या म्हणत. ऊस होता, प्लॉट होते, आणि गळ्यात साखळी अशी की बैलालाही जड व्हावी. पुतण्यानं हौसेनं आम्हाला बोलावलेलं, तात्यांना पत्ताच नाही. ते येऊन समोर उभे राहिले.

"बाई, गिटार ब्येस हाय. पर गानं कवा सुरू हुनार?"

"सुरू आहे की."

"तसं न्हाई. त्वांडानं म्हनायचं."

"ते नसतं यात, तात्या."

तात्यांनी आमच्याकडे अशा कणवेनं पाहिलं, की जणू आमच्या घरात कोणी आजारी आहे. मग पुढच्या सोफ्यावर बसले, केवळ पाहुण्यांचा मान म्हणून. आम्ही दुसरी चाल धरली. वाक्य चढलं, चढलं, धडपडलं, आणि तात्यांनी सोफ्याचे दोन्ही हात घट्ट पकडले. मी सूर धरून लोंबकळले, पाय टेकले. तात्या उठून उभे.

"आयला! बाई, त्ये मदी ठ्याच लागतीया न्हवं, त्ये पुन्यांदा वाजवा!"

पुन्हा वाजवलं. मग त्यांनी व्याह्यांना बोलावून आणलं आणि परत वाजवायला लावलं. तिकडे नवरा-नवरी फोटोसाठी ताटकळलेली, आणि इकडे तात्या प्रत्येकाला दंडाला धरून सांगतायत, "आता बग, आता लागंल!" सर त्या जागेला कधी काही नाव देत नसत. त्या दिवसापासून आमच्यात तिला 'ठेच' असंच म्हणतात. माझ्या सगळ्या वादनावर निघालेला एकमेव जाणकार अभिप्राय म्हणजे तात्यांचा, असं मी मानते.

इरा माझ्याकडे आली ती इंजिनिअरिंग शिकत असताना. आल्या आल्या म्हणाली, "ताई, मला थिअरी सगळी येते. फक्त वाजवता येत नाही." मला मुलगी तिथेच आवडली. मी तिला सरांच्या पद्धतीनं शिकवलं: ऐक, म्हण, मग वाजव. तिचा कान असा, की गॅसवर कुकर लावलेला असला तर ती शिट्टीचा सूर सांगायची आणि तो आज किंचित उतरलाय असंही सांगायची. माझ्या हातात आलेलं सगळं तिनं घेतलं. ठेचही घेतली. तिच्यासारखी ठेच माझ्या दुसऱ्या कुठल्याच विद्यार्थ्याला लागली नाही, हे अभिमानानं सांगते.

आणि एक दिवस ती फोन पुढे करून म्हणाली, "ताई, सॉरी हं, पण ओरिजिनलमध्ये हे नाहीचे."

तिनं इंटरनेटवर ते मूळ रेकॉर्डिंग शोधून काढलं होतं. तोच अमेरिकन, तीच चाल. वाक्य चढलं. मी श्वास गिळला. आणि तो अमेरिकन एकेक पायरी उतरत, सज्जनासारखा, वेळेवर खाली आला. ठेच नाही, काही नाही.

"ऐकलंत?" इरा म्हणाली.

"मग ओरिजिनल चुकलंय," मी म्हटलं.

ती गेल्यावर मात्र मी कॅसेट काढली. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं कॅसेट उघडली, चक्रात पेन्सिल घालून फीत हळूहळू सोडवली, आणि सापडलं. फितीवर सेलोटेपचा एक इवलासा जोड. जहाजावरच्या टेपरेकॉर्डरनं फीत गिळली असणार, भावानं चुरगळलेला तुकडा कापून टाकून दोन्ही टोकं चिकटवली असणार आणि चूपचाप बसला असणार. ज्यानं दुसऱ्या बाजूवर बारसं भरलं, त्याच्याकडून वेगळी काय अपेक्षा ठेवायची? यांनी दोन्ही ऐकून, बोटांवर मोजून निकाल दिला, "बरोबर दीड मात्रा कापली गेलीय." मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे शुभदा, तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष सेलोटेप."

पुढच्या वेळी इरा आली तेव्हा तो जोड मी तिला दाखवला. ती हसून हसून लोळली. मीही हसले. मग डोळे पुसत ती म्हणाली, "चला. म्हणजे आता आपण बरोबर वाजवायचं."

"नाही," मी म्हटलं. "ठेचेसकट वाजव."

"ताई! चूक आहे हे माहीत असून?"

"ठेच कॅसेटची असेल. सावरणं सरांचं आहे. ते कुठल्या ओरिजिनलमध्ये आहे दाखव मला."

"तुम्हाला फक्त सर चुकले असं म्हणायचं नाहीये." आता तिचा आवाज चढला. "ताई, मला तिकडे ऑडिशन द्यायचीय. हे वाजवलं तर लोक हसतील. तुमचं ठीक आहे, तुम्हाला मांजरीला वाजवायचंय."

तिचं तिलाही कळलं असावं, पण बोललेला शब्द आणि वाजलेला सूर परत घेता येत नाही. मला लागलं. खूप लागलं. मांजरीला वाजवलं याची मला कधी लाज वाटली नव्हती, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर त्या क्षणी वाटली, आणि त्याचा राग जास्त आला. मी म्हटलं, "जा मग तुझ्या ओरिजिनलकडे."

ती गेली. ऑडिशन झाली, शिष्यवृत्ती मिळाली, आणि पेढे द्यायला तिची आई आली. पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले.

मग मुलाखती सुरू झाल्या. प्रभावाचा प्रश्न, आणि परदेशी नावांची ती रांग. एकदा तिनं लहानपणी सोसायटीत ऐकलेल्या ढोलताशाचं नाव घेतलं. एकदा, देवाशपथ, कुकरच्या शिट्टीचं घेतलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या कुकरला जागतिक जॅझमध्ये स्थान मिळालं आणि मला नाही! हे म्हणाले, "अगं, कुकर तुझाच ना?" दोन दिवस मी त्यांना वरण-भातावर ठेवलं.

यंदा इराचा पुण्यात कार्यक्रम जाहीर झाला. 'पुण्याची कन्या' म्हणून मोठमोठे फलक लागले. पुण्यात कन्या व्हायला आधी बाहेर जावं लागतं. मी ठरवलं, जायचं नाही. यांनी दोन तिकिटं आणली. मी म्हटलं, "एका अटीवर. शेवटची रांग, दाराजवळ. नाही आवडलं तर उठता आलं पाहिजे."

"तुला आवडलं तर काय करायचं?" यांनी विचारलं.

सभागृह भरलेलं. इरा आली, केस कापलेले, गिटार माझ्या वेळच्या गिटारपेक्षा निम्म्या आकाराची. आणि काय वाजवते ती! खोटं कशाला बोलू, पहिल्या पाच मिनिटांत माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. पोरगी कुठल्या कुठे गेली होती. तिचे ते परदेशी प्रभाव मला एकेक ओळखू येत होते, आणि खरं सांगायचं तर तिनं नावं बरोबर घेतली होती. मी मनात म्हटलं, जाऊ दे शुभदा, या यादीत तुझं काय काम?

मग तिनं ती चाल धरली. आमची दुसरी चाल.

वाक्य चढायला लागलं. माझा श्वास तयार. मी स्वतःला बजावलं, ही ओरिजिनल वाजवणार, सज्जनासारखी खाली उतरणार, गिळू नकोस. वाक्य आणखी चढलं, आणि इरा धडपडली. ठेच लागली! पुढे बसलेल्या कोणीतरी "अरे!" केलं. ड्रमवाला गोरा होता, तो गालात हसत मोजत राहिला. आता सूर धरून लोंबकळायचं, मला माहीत होतं. पण ती लोंबकळली नाही. त्या पडलेल्या वाक्यावरच ती पुन्हा पडली, आणि मग आणखी एकदा, मुद्दाम, खोडकरपणे. दीड-दीड मात्रा चोरत गेली आणि शेवटी सगळं देणं एका फटक्यात फेडून बरोबर जागेवर येऊन उभी राहिली. सरांचं नव्हतं ते सावरणं, माझंही नव्हतं. तिचं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. यांनी रुमाल पुढे केला, तो त्यांनी आधीच काढून ठेवला होता.

कार्यक्रमानंतर प्रश्नोत्तरं होती. पुण्यात ती असतातच. एक पांढऱ्या झब्ब्यातले गृहस्थ माइक घेऊन उठले. "माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे," असं म्हणाले, आणि बराच वेळ निवेदन केलं. आपल्या दुसऱ्या रचनेतला तो लयभंग म्हणजे दाक्षिणात्य तालविचार आणि आधुनिक न्यूयॉर्क शैली यांचा संगम आहे, असं त्यांचं म्हणणं. "मूळ रेकॉर्डिंग माझ्या संग्रही आहे," ते म्हणाले. "त्यात ही जागा नाही. तर आपण ओरिजिनलपासून इथे का ढळलात? नेमका कोणाचा प्रभाव?"

इरा गिटार मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"मी ढळले नाही, काका," ती म्हणाली. "ओरिजिनल चुकलंय."

सभागृह हसलं. गृहस्थ हसले नाहीत. "कोण म्हणतं असं?"

"आमच्या शुभदाताई म्हणतात. मला पटायला फार वर्षं लागली. पहिल्यांदा तिकडे हे वाजवलं तेव्हा लोकांनी विचारलं, हे कुठून आणलंस? मी कोणालाच सांगितलं नाही. म्हटलं, हे नाव मुलाखतीत नाही घ्यायचं, त्यांच्यासमोर घ्यायचं. त्या आल्यात आज. शेवटच्या रांगेत, दाराजवळ. नाही आवडलं तर उठून जायला."

ही अट यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. सगळं सभागृह मागे वळलं. तात्यांनी सोफ्याचे हात धरले होते तसे मी खुर्चीचे हात धरले. इतकी वर्षं ज्या नावाची वाट पाहिली ते कानावर पडलं, आणि मी काय करावं? सगळ्यांबरोबर मीही मागे वळून बघायला लागले, या शुभदाताई कोण ते. मागे नुसतं दार होतं.

यांनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "अगं, तू."